आधी वस्ती, मग नळ

मुलुंड असो, घाटकोपर असो की बोरिवली, बालरोगतज्ज्ञाकडे बाळाची तपासणी साधारण एकाच क्रमाने होते. आधी वजन, मग लांबी, आणि मग भुवयांच्या जरा वरून नि मागच्या फुगीर भागावरून टेप फिरवून डोक्याचा घेर. आकडा फाईलमधल्या आलेखावर ठिपका होऊन बसतो. घरच्यांचं सगळं लक्ष वजनाकडे. वजन वाढलं की आजी खूश, नाही वाढलं की सुनेच्या दुधावर शंका. घेराबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. डॉक्टर मात्र तो ठिपका आधीच्या ठिपक्यांशी ताडून बघतात. जन्माच्या वेळी ३४-३५ सेंटिमीटर असलेला हा घेर पहिल्या वाढदिवसापर्यंत ४६ च्या आसपास जातो. एका वर्षात अकरा-बारा सेंटिमीटर. पुढच्या सबंध आयुष्यात मिळूनही एवढी भर पडत नाही.

यात एक कोडं आहे. मेंदूच्या बाह्यकातल्या, म्हणजे विचार, भाषा, स्मरण यांचा कारभार पाहणाऱ्या वरच्या थरातल्या जवळजवळ सगळ्या चेतापेशी बाळ पोटात असतानाच जन्माला आलेल्या असतात. चेतापेशी म्हणजे न्यूरॉन. न्यूरॉनची ही पैदास सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत बहुतेक आटोपते. मग जन्मानंतर कवटीला आतून रेटतंय कोण? उत्तराचा एक भाग असा की न्यूरॉन नवे होत नसले तरी त्यांना फाटे फुटत असतात, त्यांच्या तंतूंवर मायलिनचं वेष्टण चढत असतं. उरलेला भाग ग्लिया नावाच्या पेशींचा, आणि त्यातही अ‍ॅस्ट्रोसाइट या पेशींचा आहे. आजी टाळूवर तेल जिरवत असते तेव्हा तिच्या तळहाताखाली ही भरती जोरात चाललेली असते.

अ‍ॅस्ट्रोसाइट करतात तरी काय? दोन न्यूरॉन जिथे एकमेकांशी बोलतात त्या सांध्याला सिनॅप्स म्हणतात. तिथे निरोप पोचवण्यासाठी सांडलेलं ग्लुटामेट वेळीच उचललं नाही तर तेच विषासारखं बाधतं. ते उचलतात अ‍ॅस्ट्रोसाइट. न्यूरॉन पेटले की बाहेर साचणारं पोटॅशियम शोषून दूर नेतात त्याही याच. त्यांचे काही फाटे सिनॅप्सना वेढून असतात आणि काही थेट रक्तवाहिन्यांवर पाऊल रोवून उभे असतात. रक्तातून काय घ्यायचं, पाणी आणि क्षार कुठे किती ठेवायचे, कुठल्या भागाला रक्त वाढवून द्यायचं, या सगळ्यात त्यांचा हात असतो. मेंदूत ग्लिया न्यूरॉनच्या दसपट आहेत असं अनेक पुस्तकांत अजून छापलं जातं. ते खरं नाही. ब्राझीलच्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदू विरघळवून त्याचं एकजीव पातळ द्रावण केलं, त्यातली पेशीकेंद्रकं मोजली आणि २००९ मध्ये हिशेब मांडला: माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन आणि जवळपास तेवढ्याच इतर सगळ्या पेशी. दसपटीचा आकडा इतकी वर्षं टिकला कसा, याचं मला अजून नवल वाटतं. बहुधा कोणी मोजायच्या भानगडीत पडलं नसावं.

क्रम मात्र ठरलेला. उंदीर, माकड, माणूस, कुठलाही सस्तन प्राणी घ्या: आधी न्यूरॉन, मग अ‍ॅस्ट्रोसाइट. आपल्या उपनगरांत राहणाऱ्याला हा क्रम समजावून सांगायला नको. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. पण माणसं तिथे त्याच्या आधीपासून राहत होती. आधी बिऱ्हाडं आली. नळ, गटार, दिवाबत्ती मागाहून आली, आणि तीही रहिवाशांनी अर्जावर अर्ज केले तेव्हा. मेंदूतही आधी वस्ती होते, नळजोडणी नंतर. आणि अर्ज तिथेही रहिवासीच करतात. ते कसं, ते पुढे येईलच.

या पेशींकडे शास्त्रज्ञांचं लक्ष उशिरा गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रुडॉल्फ फिर्खो यांना न्यूरॉनच्या अधल्यामधल्या जागेत भरलेला एक चिकट पदार्थ दिसला. त्यांच्या लेखी तो नुसता सांधा भरणारा लेप होता. पुढे हंगेरीच्या मिहाय लेनहोसेक यांनी यातल्या काही पेशींना ताऱ्यावरून नाव दिलं. १९१३ मध्ये सांतियागो रामोन इ काहाल यांनी सोन्याच्या क्षाराने रंगवायची युक्ती काढली आणि अ‍ॅस्ट्रोसाइट काळ्या-जांभळ्या रंगात लख्ख उठून दिसायला लागल्या. तारा दिसतो तो मात्र पेशीच्या आतल्या सांगाड्याचा. नेहमीच्या रंगकामात जीएफएपी नावाचं सांगाड्यातलं प्रथिन रंगवतात, आणि ते पेशीच्या एकूण आकारमानाच्या जेमतेम १५ टक्के भागात असतं. उरलेली पेशी म्हणजे अतिबारीक, लुसलुशीत फाट्यांचं दाट झुडूप असतं. ते बघायला पेशीत चमकणारा रंग भरावा लागतो.

आता मूळ प्रश्न: या पेशी येतात कुठून?

गर्भाच्या मेंदूत आतल्या पोकळीच्या काठाला उभ्या, लांबच लांब पेशींची रांग असते. एक टोक पोकळीला टेकलेलं, दुसरं मेंदूच्या बाहेरच्या पृष्ठभागाला. यांना रेडियल ग्लिया म्हणतात. पास्को राकिच यांनी १९७२ मध्ये माकडाच्या गर्भात दाखवलं की नवजात न्यूरॉन याच लांब धाग्यांना धरून वर सरकतात आणि आपापल्या थरात जाऊन बसतात. तेव्हा या पेशी म्हणजे नुसत्या आधाराच्या बल्ल्या आहेत असं समजलं गेलं. तो समज २००० च्या सुमाराला मोडला. स्टीफन नॉक्टर आणि अर्नोल्ड क्रिगस्टाइन यांनी २००१ मध्ये एकेका रेडियल ग्लियाला खूण करून तिच्यावर पाळत ठेवली, तेव्हा ती विभागून स्वतःच न्यूरॉनना जन्म देताना सापडली. आणि न्यूरॉनची पाळी संपली की त्याच पेशी अ‍ॅस्ट्रोसाइट द्यायला लागतात; काही तर वरचं-खालचं टोक सोडून देऊन स्वतःच अ‍ॅस्ट्रोसाइट होतात. एकाच आईची दोन स्वभावांची मुलं, पण थोरली-धाकटी ठरलेली.

हे वेळापत्रक कोण पाळतं? सॅली टेम्पल यांच्या प्रयोगशाळेने २००० मध्ये एक साधा पण बोलका प्रयोग केला. उंदराच्या गर्भाच्या बाह्यकातल्या मूळपेशी, म्हणजे विभागून न्यूरॉन आणि ग्लिया देणाऱ्या या पेशी, सुट्या करून बशीत वाढवल्या. भोवती मेंदू नाही, शेजारी नाही, रक्त नाही. तरी त्या पेशींनी क्रम मोडला नाही: आधी न्यूरॉन, मग ग्लिया. म्हणजे घड्याळाचा काही भाग पेशीच्या आतच आहे. तो कुठे आहे त्याचा एक धागा जपानी संशोधकांना २००१ मध्ये मिळाला. सांगाड्यातल्या त्या जीएफएपी प्रथिनाच्या जनुकाशेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा असतो. तिथे स्टॅट३ नावाचं प्रथिन येऊन बसलं की जनुक चालू होतं. पण न्यूरॉनच्या हंगामात त्या तुकड्यावर मिथाइल गट चिकटलेला असतो आणि स्टॅट३ ला तिथे बसताच येत नाही. हंगाम सरत आला की मिथाइल निघतो. त्याआधी कितीही हुकूम सोडा, जनुक ढिम्म. हा मिथाइल उतरवण्याच्या कामात नॉच नावाची संदेशयंत्रणा आणि एनएफआयए नावाचं प्रथिन यांचा हात असल्याचं पुढे कळलं.

आणि हुकूम कोण सोडतं? हाच तो रहिवाशांचा अर्ज. टोरंटोत फ्रेडा मिलर यांच्या गटाने २००५ मध्ये दाखवलं की नुकतेच जन्मलेले न्यूरॉन कार्डिओट्रोफिन-१ नावाचा रेणू बाहेर सोडतात. तो मागे राहिलेल्या मूळपेशींपर्यंत पोचतो, त्यांच्यातलं स्टॅट३ जागं करतो आणि अ‍ॅस्ट्रोसाइट तयार व्हायला लागतात. पुरेशी बिऱ्हाडं आल्याशिवाय पुरेसे अर्ज जात नाहीत, म्हणून काम आपोआप योग्य वेळी सुरू होतं. मला ही गोष्ट फार आवडते. हाताशी वेगळा मुकादम नाही, वरून देखरेख नाही; आलेल्यांची गर्दीच पुढच्या कामाचा मुहूर्त ठरवते.

पण एवढ्यावर भागत नाही. अर्ज हळूहळू, पहिल्या दिवसापासूनच यायला लागतात. मूळपेशींनी ते ऐकून लगेच न्यूरॉनचं काम सोडलं तर वस्ती अर्धवट राहील. तेव्हा कोणीतरी त्यांना थोपवून धरायला हवं. कोण थोपवतं, याची दोन उत्तरं मुंबईतून आली.

आम्ही उपनगरवाले ज्याला सरसकट ‘टाउन’ म्हणतो त्याच्याही टोकाला, चर्चगेटला उतरून नेव्ही नगरची बस पकडली की टाटा मूलभूत संशोधन संस्था लागते. टीआयएफआर. होमी भाभांनी १९४५ मध्ये स्थापन केलेली. समुद्राकाठची आजची इमारत १९६२ ची. नाव भौतिकशास्त्र आणि गणितासाठी गाजलेलं, पण इथे जीवशास्त्राचाही विभाग आहे, आणि त्यात शुभा टोळे यांची प्रयोगशाळा आहे. टोळे मुंबईच्याच. सेंट झेवियर्समध्ये शिकल्या, कॅलटेकला डॉक्टरेट, शिकागोला पुढचं संशोधन, आणि १९९९ मध्ये परत येऊन टीआयएफआरमध्ये रुजू. २०१० चा भटनागर पुरस्कार आणि २०१४ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. त्यांच्या कामात एलएचएक्स२ नावाचं जनुक फार दिवसांपासून होतं. गर्भाच्या मेंदूत कुठला भाग बाह्यक व्हायचा हे ठरवण्यात त्याचा मोठा वाटा आहे, हे त्यांनी आणि अमेरिकेतल्या एडविन मोनुकी यांनी २००८ मध्ये मांडलं होतं. तेच जनुक न्यूरॉन-अ‍ॅस्ट्रोसाइटच्या पाळीतही लुडबुड करतं का, हा पुढचा प्रश्न.

प्रयोग कसा करतात ते जवळून पाहण्यासारखं आहे. उंदराचा गर्भकाळ जेमतेम १९-२० दिवसांचा. साधारण पंधराव्या दिवशी गाभण उंदरीला भूल देतात, पोटावर छोटा छेद घेऊन गर्भाशय हलकेच बाहेर काढतात. त्याच्या पातळ पडद्यातून ओळीने बसलेली पिल्लं दिसतात. केसासारख्या टोकाच्या काचेच्या नळीतून एकेका पिल्लाच्या मेंदूतल्या पोकळीत हवं ते डीएनए सोडायचं. ते बरोबर जागी पोचलं की नाही हे कळावं म्हणून त्यात हिरवा रंग मिसळलेला असतो. पोकळी हिरवी उमटली की नेम लागला. मग डोक्याच्या दोन बाजूंना चिमट्यासारखे इलेक्ट्रोड धरून विजेचे बारीक झटके द्यायचे. डीएनएवर ऋण भार असतो, त्यामुळे ते धन टोकाकडच्या पेशींत ओढलं जातं. चिमटा कुठे आणि कसा धरायचा यावरून हिप्पोकॅम्पस या स्मरणाशी जोडलेल्या भागात डीएनए पाठवायचं की बाह्यकाच्या बाकीच्या भागात, हे ठरतं. गर्भाशय परत आत, टाके, आणि उंदरी शुद्धीवर. काही दिवसांनी मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की ज्या पेशींनी ते डीएनए घेतलं त्या हिरव्या चमकतात. हात स्थिर असणाऱ्याचंच हे काम. घाईगर्दीच्या माणसाने याच्या वाटेला जाऊ नये.

निकाल २०११ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. पहिलं नाव लक्ष्मी सुब्रमणियन यांचं. हिप्पोकॅम्पसमध्ये, न्यूरॉन बनण्याच्या काळात एलएचएक्स२ बंद पाडलं, तर त्याच पेशी वेळेच्या आधीच अ‍ॅस्ट्रोसाइट व्हायला लागल्या. उलट एलएचएक्स२ जास्तीचं दिलं, तर न्यूरॉनचा हंगाम लांबला. इतकंच नव्हे, नॉच किंवा एनएफआयए मुद्दाम चेतवून अ‍ॅस्ट्रोसाइटचा हुकूम दिला तरी एलएचएक्स२ त्याला दाद देईना. थोपवणारा सापडला होता.

गंमत त्याच्या पुढे आहे. हिप्पोकॅम्पसच्या अगदी लगतच्या नवबाह्यकात, म्हणजे बाह्यकाच्या बाकीच्या मोठ्या भागात, हाच प्रयोग केला तर तिथे काहीच घडलं नाही. एलएचएक्स२ काढून टाकलं, तरी अ‍ॅस्ट्रोसाइट आपल्या वेळेलाच आल्या. एकच मूळ, एकच क्रम, पण शेजारच्या दोन मोहल्ल्यांत थोपवणारे निराळे. मग नवबाह्यकात कोण? याचं उत्तर त्याच प्रयोगशाळेतून बऱ्याच वर्षांनी, २०२५ मध्ये, पूर्ण स्वरूपात छापून आलं: फॉक्सजी१. हे जनुक मूळपेशींत एफजीएफआर३ या ग्राहक-प्रथिनाला दाबून ठेवतं. एफजीएफ हा अ‍ॅस्ट्रोसाइट घडवणारा संदेश, आणि एफजीएफआर३ म्हणजे तो ऐकणारा कान. फॉक्सजी१ काढलं की कान उघडतो आणि अ‍ॅस्ट्रोसाइट अवेळी यायला लागतात. शिवाय फॉक्सजी१ नवजात न्यूरॉनमध्येही काम करतं: तिथून ते काढून टाकलं तर न्यूरॉन स्वतःच संदेश जास्त पाठवायला लागतात. अर्ज करणाऱ्यावर लगाम आणि अर्ज घेणाऱ्यावरही लगाम, दोन्ही एकाच जनुकाच्या हाती. आणि फॉक्सजी१ नसताना एफजीएफचा जोरही कमी केला, तर मूळपेशी एक पायरी पुढे जाऊन मायलिन चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइटच्या वाटेला लागतात. फॉक्सजी१ ची एक प्रत बिघडलेली असली तर माणसाच्या मुलांत गंभीर विकार होतो. डोकं लहान राहतं, झटके येतात, बोलणं-चालणं मागे पडतं.

माझ्या मते या दोन शोधांतली मोलाची गोष्ट ती जनुकांची नावं नाहीत. अ‍ॅस्ट्रोसाइट मागाहून येतात याचा अर्थ तोवर मूळपेशींना ते जमत नसतं असा नाही. जमत असतं, करू दिलं जात नाही. मेंदूच्या घडणीत उशीर हा मुद्दाम, ठिकठिकाणी वेगवेगळ्या उपायांनी राखलेला असतो.

उंदरात अ‍ॅस्ट्रोसाइटचा हंगाम जन्माच्या एक-दोन दिवस आधी सुरू होतो. पण मूळपेशींनी थेट दिलेल्या अ‍ॅस्ट्रोसाइटने बाह्यक भरत नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या वू-पिंग ग आणि युह नुंग जान यांच्या गटाने दाखवलं की जागेवर पोचलेल्या कोवळ्या अ‍ॅस्ट्रोसाइट तिथल्या तिथे पुन्हा विभागतात आणि जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बाह्यकातली बहुतेक भरती याच मार्गाने होते. त्याच वर्षी डेव्हिड रोविच यांच्या गटाला दिसलं की मूळपेशींच्या कुठल्या पट्ट्यातून निघालेल्या अ‍ॅस्ट्रोसाइट कुठे बसणार हेही ठरलेलं असतं. एका पट्ट्यातल्या काढून टाकल्या तर शेजारच्या पट्ट्यातल्या ती जागा भरायला सहसा येत नाहीत. बदली कामगार ही सोय इथे नाही.

संख्या झाली, पण पक्वता निराळी. पहिल्या आठवड्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइटला लांब, विरळ, एकमेकांच्या हद्दीत घुसणारे फाटे असतात. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत ते आखडतात, दाट होतात, आणि प्रत्येक पेशी आपापला स्वतंत्र इलाखा राखून बसते. शेजाऱ्याशी फक्त कडेला टेकते. याच काळात पेशीच्या आतलं सामान बदलतं. लहानपणी ग्लुटामेटची चाहूल घेणारा एमग्लूआर५ हा ग्राहक भरपूर असतो, तो तिसऱ्या आठवड्यापर्यंत जवळजवळ नाहीसा होतो. त्याच्या जागी ग्लुटामेट उचलून नेणारं जीएलटी-१, पोटॅशियमची वाट असलेलं केआयआर४.१, पाण्याची वाट असलेलं अ‍ॅक्वापोरिन-४ वाढत जातं. आणि इथेही न्यूरॉनचा हात असतोच. कॅग्ला एरोग्लू यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं की अ‍ॅस्ट्रोसाइटच्या अंगावरची न्यूरोलिजिन नावाची प्रथिनं न्यूरॉनवरच्या जोडीदार प्रथिनांना धरतात, आणि हा हात मिळाल्याशिवाय झुडूप दाट होत नाही. पिल्लांना अंधारात वाढवलं तर दृष्टीच्या भागातल्या अ‍ॅस्ट्रोसाइट खुरट्या राहतात. उजेड डोळ्यांत, परिणाम ग्लियावर. परतफेडही होते: बेन बॅरस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ पासून दाखवत नेलं की अ‍ॅस्ट्रोसाइटशिवाय वाढवलेल्या न्यूरॉनमध्ये सिनॅप्स थोडे आणि दुबळे असतात, अ‍ॅस्ट्रोसाइट सोबत आल्या की कितीतरी पटींनी वाढतात.

माणसाचं वेळापत्रक फार सैल. उंदराचं तीन-चार आठवड्यांचं काम आपल्याकडे जन्माआधीच्या महिन्यांत सुरू होऊन जन्मानंतरही चालू राहतं. स्टॅनफर्डमध्ये मूळपेशींपासून बनवलेले मानवी मेंदूच्या ऊतीचे गोळे वीस महिन्यांपर्यंत जगवले गेले, तेव्हा कुठे त्यातल्या अ‍ॅस्ट्रोसाइट गर्भातल्या रूपातून हळूहळू पक्व रूपाकडे सरकताना दिसल्या. बशीत असूनही त्या माणसाच्याच कॅलेंडरने चालत होत्या. घाई न करण्याचं फळही मोठं आहे: माणसाच्या बाह्यकातली अ‍ॅस्ट्रोसाइट उंदराच्या अ‍ॅस्ट्रोसाइटपेक्षा व्यासाने अडीचपटीहून मोठी असते आणि तिच्या इलाख्यात वीस लाखांपर्यंत सिनॅप्स येऊ शकतात.

हे सगळं नीट न झालं तर काय होतं, याचं एक उदाहरण आपल्या शहरात वैद्यकीय नोंदीत आलं. मरीन लाइन्सला बॉम्बे हॉस्पिटलमध्ये मेंदूविकारतज्ज्ञ भीम सिंघल यांच्याकडे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अशी मुलं येत होती ज्यांच्या डोक्याचा घेर पहिल्या वर्षातच आलेखाच्या वरच्या रेषेबाहेर गेला होता. एमआरआयमध्ये मेंदूचा पांढरा भाग सुजून पसरलेला, कानशिलाकडच्या भागात पाण्याच्या गाठी. तो फोटो बघून कोणालाही वाटावं की हे मूल अंथरुणाला खिळलेलं असेल. प्रत्यक्षात मूल बऱ्यापैकी खेळतं-बोलतं असे. चालण्यातला तोल वर्षांच्या हिशेबाने हळूहळू जाई, झटके येत, डोक्याला किरकोळ मार लागला तरी एकदम बिघाड होई. सिंघल यांच्या आणखी एक गोष्ट ध्यानात आली: यातली बहुतेक मुलं अग्रवाल समाजातली होती. त्यांचा आणि सहकाऱ्यांचा लेख १९९६ मध्ये आला. दरम्यान १९९५ मध्ये नेदरलँड्सच्या मार्यो व्हान डर नाप यांनी हाच आजार तिकडच्या मुलांत वर्णिला होता. २००१ मध्ये त्याचं एमएलसी१ हे जनुक सापडलं, आणि २००४ मध्ये सिंघल आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी अग्रवाल कुटुंबांतल्या रुग्णांमध्ये त्या जनुकातली एकच ठरावीक चूक असल्याचं छापलं. अनेक पिढ्यांपूर्वीच्या एखाद्या पूर्वजाकडून ती आली आणि लग्नं समाजातल्या समाजात होत राहिल्याने टिकली. यात कोणाचा दोष नाही; आईवडील दोघेही एकेक बिघडलेली प्रत बाळगून ठणठणीत असतात, आणि दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळाल्या तरच मूल आजारी पडतं.

एमएलसी१ चं प्रथिन सापडतं अ‍ॅस्ट्रोसाइटच्या त्या पावलांत, जी रक्तवाहिन्यांवर रोवलेली असतात. ग्लायलकॅम नावाच्या जोडीदाराच्या साथीने ते पेशीतल्या पाण्या-क्षारांचा तोल सांभाळतं. बराच काळ या आजाराकडे सुजेचा आजार म्हणून पाहिलं गेलं. पण पॅरिसमध्ये मार्टिन कोहेन-साल्मों यांच्या गटाने २०२१ मध्ये उंदरांवर दाखवलं की गोष्ट त्याआधीच बिनसते. जन्मानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत एमएलसी१ आणि ग्लायलकॅम पावलांत एकत्र येतात, पावलं पक्व होतात, आणि त्यांच्या सोबतीने रक्तवाहिन्यांच्या भिंतींतले स्नायूही आकुंचन पावायला शिकतात. एमएलसी१ नसेल तर ही सगळी साखळी रखडते. सूज नंतर येते.

ग्लायलकॅमच्या जनुकातल्या काही चुका मात्र वेगळ्या चालीच्या आहेत. २०११ मध्ये व्हान डर नाप आणि बार्सिलोनाच्या राउल एस्तेवेझ यांच्या गटांनी अशी मुलं वर्णिली ज्यांच्यात एकच प्रत बिघडलेली होती. पहिल्या वर्षी डोकं तसंच भराभर वाढलं, एमआरआय तसाच भीतिदायक आला. पण पुढच्या काही वर्षांत पांढऱ्या भागातली सूज ओसरत गेली आणि फोटो बरेच सुधारले. काहींना शिकण्यात किंवा लोकांत मिसळण्यात अडचण राहिली. बाकीची धावू-खेळू लागली, आणि त्यांच्यातल्या काहींच्या डोक्याचा घेर पुढच्या तपासण्यांत हळूहळू आलेखाच्या वरच्या रेषेजवळ परत आला.